आवाजाचे हृदय : ध्वनिक्षेपकातील चुंबक आणि वेटोळे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, इस्लापूर येथे, पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

— एक शिक्षक, बी. ए., बी. एड.



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकून आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटेल. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. मी भाषा शिकविणारा माणूस. तरीही आज मी आपणांसमोर ध्वनिक्षेपकाविषयी, म्हणजे आपण ज्याला लाउडस्पीकर किंवा नुसतेच स्पीकर म्हणतो त्याच्याविषयी बोलणार आहे. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने तो मला शिकविला. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे सारे समजण्यास सोपे जाईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका कार्यक्रमासाठी स्पीकरचा बॉक्स विकत घ्यावयाचा होता. ते काम माझ्याकडे आले. दुकानदाराने एक बॉक्स उघडून दाखविला. आत बारा इंची स्पीकर, मागे हे एवढे मोठे मॅग्नेट. दुसऱ्या बॉक्समधले मॅग्नेट लहान, आणि किंमत मात्र जास्त. मी मनाशी म्हटले, मोठे मॅग्नेट, कमी किंमत, संस्थेचे पैसे वाचले. बॉक्स घेऊन आलो. पहिल्याच वर्षी लांबच्या लोकांना ऐकू जावे म्हणून मी ॲम्प्लिफायरचे बटण शेवटपर्यंत फिरविले. आवाज फाटत होता, पण मोठा येत होता. मला वाटले, काम झाले.

पुढच्या वर्षी सातवीतली एक मुलगी भाषणाला उभी राहिली. विषय होता मुलींचे शिक्षण. पंधरा दिवस तिने तयारी केली होती. ती बोलू लागली आणि स्पीकरमधून खरखर, फरफर अशा आवाजाखेरीज काही येईना. ‘शिक्षण’ हा शब्द तर एकदाही नीट ऐकू आला नाही. मागे बसलेल्या बायका आपापसांत बोलू लागल्या, काही उठून गेल्या. मुलीचा धीर सुटला. अर्धे भाषण टाकून ती खाली आली. त्यावर एकजण सहज बोलून गेले, “मुलीचा आवाज नाजूक, पोहोचत नाही. एखाद्या मुलाला उभे करायचे होते.” ते त्या मुलीने ऐकले. पुढे कितीतरी दिवस ती वर्गात मोठ्याने वाचायलाही उठत नव्हती.

मित्रांनो, दोष तिच्या आवाजात नव्हता, त्या बॉक्समध्ये होता. आणि तो बॉक्स मी निवडला होता.

दुसऱ्या दिवशी तो बॉक्स घेऊन मी आगगाडीने गेलो आणि रेडिओ दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या एका वयस्कर चाचांकडे पोहोचलो. त्यांनी आधी दोन्ही अंगठ्यांनी स्पीकरचा कागदी पडदा हलकेच, सारखा दाबला आणि कान जवळ नेला. मलाही कान लावायला सांगितले. आतून खर्र, खर्र असा घासण्याचा आवाज येत होता. मग त्यांनी स्पीकर खोलला. मागचे ते मोठे मॅग्नेट म्हणजे बरेचसे रबरी टोपणच होते. आत खरे चुंबक त्याच्या निम्म्यानेही नव्हते. वेटोळे एका बाजूने काळे पडलेले आणि फटीत लोखंडाचा कीस. चाचा हसून म्हणाले, “सर, दात न बघता नुसती शिंगं बघून बैल घेतलात की तुम्ही!”

त्या दिवशी दुकानात बसून जे शिकलो, आणि नंतर वाचून त्यात जी भर घातली, ते आज आपणांस सांगतो.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे. चुंबकीय क्षेत्रात तार ठेवली आणि तिच्यातून विद्युत प्रवाह सोडला की तारेवर बल पडते व तार सरकते. प्रवाहाची दिशा उलटली की बलाची दिशाही उलटते. ध्वनिक्षेपकाचे सारे मर्म एवढ्यातच आहे. एक चुंबक, त्याला जोडलेल्या लोखंडी चकत्या आणि मधला लोखंडी खांब, खांब व चकती यांच्यामधली बारीक वर्तुळाकार फट, आणि त्या फटीत अधांतरी तरंगणारे तारेचे वेटोळे. या सर्वांना मिळून स्पीकरची मोटर म्हणतात. पंख्याची मोटर गोल फिरते, ही मागे-पुढे हलते, एवढाच फरक. वेटोळ्याला शंकूसारखा कागदी पडदा चिकटवलेला असतो. आवाजाच्या लहरीप्रमाणे प्रवाह बदलतो, प्रवाहाप्रमाणे वेटोळे हलते, वेटोळ्याबरोबर पडदा हलतो, पडदा हवेला ढकलतो आणि हवा आपल्या कानाला. वेटोळे फटीच्या बरोबर मध्ये राहावे म्हणून त्याच्याभोवती नालीदार कापडाची एक चकती असते. कारागीर तिला स्पायडर म्हणतात.

विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे. जुन्या स्पीकरच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा. पडदा टुक्कन पुढे येईल. सेल उलटा लावा, पडदा मागे जाईल. घरच्या विजेला मात्र चुकूनही जोडू नका. एवढ्या प्रयोगाने पुस्तकातला नियम डोळ्यांना दिसतो, आणि एकदा दिसलेला नियम परीक्षेत विसरत नाही.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली हलत्या वेटोळ्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी १९१५ साली कॅलिफोर्नियात असा ध्वनिक्षेपक करून त्याला ‘मॅग्नाव्हॉक्स’ हे नाव दिले. १९१९ साली सॅन डिएगो येथे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी या यंत्रावरून हजारो लोकांच्या सभेत भाषण केले. पुढे १९२५ मध्ये राइस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी कागदी शंकू व हलते वेटोळे यांची जी मांडणी प्रसिद्ध केली, तीच थोड्याफार फरकाने आजही आपल्या घरोघरच्या स्पीकरमध्ये आहे. शंभर वर्षांत जग बदलले, पण ही मांडणी मुळात बदलली नाही.

आपल्या देशात ध्वनिक्षेपक सार्वजनिक जीवनात रुजविण्याचे मोठे श्रेय मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ या कंपनीला जाते. नाव शिकागोचे असले तरी कंपनी आपल्याच देशातली, मोटवाने कुटुंबाची. १९०९ साली सिंधमधील सक्कर येथे सुरू झालेला हा व्यवसाय पुढे मुंबईत आला. गांधीजींचा आवाज मृदू. मोठ्या सभेत सर्वांना ऐकू जावे म्हणून त्यांना एका व्यासपीठावरून दुसऱ्यावर जावे लागे. हे नानिक मोटवाने यांनी पाहिले, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसपासून त्यांनी सभांना ध्वनिक्षेपक पुरविण्याचे काम अंगावर घेतले. १९४२ च्या चळवळीत गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता यांच्याबरोबर त्यांच्यावरही आरोप ठेवण्यात आला. त्यात ते पुढे निर्दोष सुटले. याच घराण्याने नाशिकला कारखाना उभारला. एका मृदू आवाजाला लाखोंपर्यंत नेणारे यंत्र आपल्याच माणसांनी हाताळले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. आवाज नाजूक आहे म्हणून माणसाला खाली बसविले गेले नाही. त्याच्यासाठी यंत्र चांगले केले गेले.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. एक स्पीकर स्वच्छ वाजतो आणि दुसरा फाटतो, असे का?

पहिली गोष्ट, फट. चुंबकाचा जोर खरा कामाला येतो तो फटीत. चांगल्या स्पीकरच्या फटीत सुमारे १ टेस्लाइतके चुंबकीय क्षेत्र असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ते वीस-पंचवीस हजार पट झाले. फट जितकी अरुंद, तितके क्षेत्र प्रबळ. पण फट अरुंद केली की वेटोळे कडांना घासण्याचा धोका वाढतो. लहान स्पीकरमध्ये वेटोळ्याच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या काही दशांशाइतकीच मोकळी जागा असते. जात्याचे दोन दगड जवळ असले तर पीठ बारीक पडते, पण एकमेकांना भिडले तर पिठात खडे येतात. तसेच हे आहे. अरुंद फट ठेवायची तर खांब अचूक कातला पाहिजे, चकतीचे भोक अचूक पाहिजे, वेटोळे गोल पाहिजे आणि जोडणारा हात स्थिर पाहिजे. हे सर्व पैशाचे आणि कौशल्याचे काम. म्हणून स्वस्त माल करणारा काय करतो? फट रुंद ठेवतो. वाकडेतिकडे बसलेले वेटोळेही मग खपून जाते. माल भराभर निघतो, पण जोर गेलेला असतो. तो भरून काढण्यासाठी आपण ॲम्प्लिफायरचे बटण वाढवतो, आणि तेथून पुढचे सारे नुकसान सुरू होते.

दुसरी गोष्ट, लोखंड. केवळ चुंबक मोठे असून भागत नाही. चुंबकाचा जोर लोखंडी चकत्यांतून आणि खांबातून वाहत फटीपर्यंत येतो. लोखंडाची जोर वाहून नेण्याची मर्यादा ठरलेली आहे. चकती पातळ असेल तर ती तृप्त होते आणि मग मागे कितीही मोठे चुंबक लावा, फटीत वाढ होत नाही. धरणात पाणी वाढविले पण कालवा तेवढाच ठेवला, तर शेवटच्या शेताला जास्त पाणी कसे मिळणार? मी मॅग्नेटच्या आकारावर भुललो, ते यामुळे चूक होते. ते मॅग्नेट खरोखर मोठे असते तरीही ती निवड चूकच ठरली असती, कारण चकती पत्र्यासारखी पातळ होती.

आणखी एक गंमत सांगतो. चुंबक अतिजोराचे झाले तरी प्रत्येक वेळी फायदाच होतो असे नाही. वेटोळे हलताना स्वतःही वीज निर्माण करते आणि ती वीज त्याच्याच हालचालीला लगाम घालते. लगाम योग्य असेल तर ढोलाचा ठोका एकदाच पडून थांबतो, घुमत राहत नाही. लगाम फार कसला तर खर्जाचा आवाज क्षीण होतो. म्हणून रचनाकार चुंबक, पडदा आणि पेटी यांचा मेळ घालतो.

तिसरी गोष्ट, वेटोळे. ते हलके हवे, कारण जड वस्तू झटपट मागे-पुढे हलत नाही. आपल्या बोलण्यातले स्वर म्हणजे आ, ई, ऊ हे खालच्या व मधल्या कंप्रतेचे. पण स, श, क्ष, फ, त या व्यंजनांची ओळख वरच्या कंप्रतेवर, दर सेकंदाला दोन ते चार हजार आणि त्याहून अधिक कंपनांवर ठरते. तेवढ्या वेगाने जड वेटोळे हलू शकत नाही. शिवाय लोखंडी खांबाभोवतीचे वेटोळे वरच्या कंप्रतेच्या प्रवाहाला अडवते. चांगल्या स्पीकरमध्ये हे टाळण्यासाठी खांबावर तांब्याची पातळ टोपी किंवा कडे बसवितात. त्यासाठी फट थोडी वाढवावी लागते, तांबे महाग, म्हणून स्वस्त मालात ते गाळले जाते. परिणाम काय, तर आवाज मोठा येतो पण शब्द कळत नाही. ‘शिक्षण’ हा शब्द त्या दिवशी हरवला, त्यात याचाही वाटा होता.

वेटोळ्याची तारही महत्त्वाची. तांबे वीज चांगली वाहते पण जड असते. ॲल्युमिनियमचे वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, पण ते वीज तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वाहते. उंच स्वराच्या स्पीकरला ॲल्युमिनियम जाणूनबुजून वापरतात, ते योग्यच आहे. परंतु वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम, आणि सांगायचे शुद्ध तांबे, ही शुद्ध फसवणूक होय.

चौथी गोष्ट, वेटोळ्याची उंची. खर्जाचा आवाज काढायचा तर पडद्याला लांबवर मागे-पुढे जावे लागते. कंप्रता निम्मी झाली तर तेवढ्याच आवाजासाठी हालचाल चौपट लागते. वेटोळे जर फटीबाहेर गेले तर त्याच्यावरचा जोर कमी होतो आणि आवाज विकृत होतो. पाळण्याला झोका देणाऱ्याचा हात मध्येच सुटावा, तसे ते होते. यावर दोन उपाय आहेत. एक, वेटोळे लांब करायचे आणि फट आखूड ठेवायची. वेटोळे हलले तरी त्याचा तेवढाच भाग फटीत राहतो. यात वेटोळे जड होते, पण चकती पातळ चालते, म्हणून हे स्वस्त पडते. बहुतेक स्पीकर असेच असतात. दुसरा उपाय उलटा. चकती जाड, फट उंच आणि वेटोळे आखूड. वेटोळे हलके राहते आणि नेहमी पूर्ण जोरात राहते. परंतु उंच फट भरण्यासाठी चुंबक मोठे लागते, लोखंड जास्त लागते, खर्च वाढतो. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक मार्ग तिसरा, लांब हालचालीचे वचन छापायचे आणि वेटोळे मात्र आखूड, चकतीही पातळ ठेवायची.

पाचवी गोष्ट, उष्णता. आपणांस नवल वाटेल, पण घरगुती स्पीकर हे विजेच्या दृष्टीने फार उधळे यंत्र आहे. १०० वॅट वीज घातली तर ध्वनी होऊन बाहेर पडतो सुमारे १ वॅट. बाकीची बहुतेक सर्व वीज वेटोळ्यात उष्णता होते. वेटोळे तापले की तारेचा रोध वाढतो. ६ ओहम रोधाचे तांब्याचे वेटोळे १७५ अंशांनी तापले तर रोध सुमारे १० ओहम होतो. म्हणजे बटण तेवढेच, पण आवाज हळूहळू दबत जातो. आपण बटण आणखी वाढवतो, वेटोळे आणखी तापते, डिंक वितळतो, वेटोळे वाकते, घासते आणि शेवटी जळते. कारागिरांच्या भाषेत, स्पीकर उडतो. माझ्या हातून नेमके हेच झाले. ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर फिरविला की तो लहरींची टोके कापून टाकतो. तो फाटका आवाज वेटोळ्याला अधिकच भाजतो.

मशिदीच्या मिनारावर, मंदिराच्या छपरावर किंवा ग्रामपंचायतीवर जो भोंगा असतो, त्याचे युनिटही याच जातीचे. फरक असा की त्यात मोठ्या शंकूऐवजी लहानसा पडदा असतो, ज्याला आपले लोक डायफ्रॅम म्हणतात, आणि कर्ण्यामुळे तो हवेला चांगला पकडतो. म्हणून भोंगा थोड्या विजेत लांब ऐकू जातो. परंतु खर्ज त्याच्या आवाक्यात नाही. त्यावर गाणी जोराने वाजविली की डायफ्रॅम फाटतो. बोलण्यासाठी भोंगा, संगीतासाठी बॉक्स, हा साधा नियम आहे.

चुंबकांची कथाही ऐकण्यासारखी आहे. आरंभी कायम चुंबक पुरेसे प्रबळ नव्हते, म्हणून स्पीकरमध्ये विद्युत चुंबक असे आणि त्यालाही वीज पुरवावी लागे. पुढे ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे अल्निको चुंबक आले. कोबाल्ट बव्हंशी आफ्रिकेतील झाईर देशातून, म्हणजे आजच्या काँगोतून येई. १९७८ साली तेथे लढाई पेटली, कोबाल्टचा भाव भडकला आणि जगभरच्या स्पीकर कारखान्यांना फेराइटकडे वळावे लागले. फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेले, काळे, मातीच्या भांड्यासारखे ठिसूळ चुंबक. ते अल्निकोपेक्षा मोठे लागते, पण स्वस्त पडते. आपल्या बहुतेक स्पीकरमागे दिसणारे काळे कडे ते हेच. त्यानंतर १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत निओडिमियमचे चुंबक तयार झाले. ते फेराइटच्या सुमारे दहापट प्रबळ. आपल्या खिशातल्या मोबाइलचा इवलासा स्पीकर त्यामुळेच शक्य झाला. पण त्याचा कच्चा माल मुख्यतः चीनमधून येतो. २०१०–११ मध्ये त्याचे भाव भडकले आणि २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मूलद्रव्यांच्या व चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा आपल्याकडील मोटार उद्योगालाही त्याची झळ लागली. शिवाय साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे तापले की कमजोर होऊ लागते. म्हणून नवे ते प्रत्येक ठिकाणी चांगलेच, असे समजू नये.

कारखान्यातली एक युक्ती मला फार आवडली. फेराइटचे कडे आधी चुंबक नसतेच. ते चकत्यांमध्ये तसेच डिंकाने चिकटवितात, आणि सारे जुळल्यावर मोठ्या वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडून त्यात चुंबकत्व भरतात. आधीच चुंबक केले असते तर हवेतला लोखंडाचा प्रत्येक कण फटीत जाऊन बसला असता. आणि वेटोळे मध्यभागी राहावे म्हणून जोडताना खांबाभोवती पातळ पट्ट्या घालतात, डिंक वाळला की काढून घेतात. आमच्या चाचांनी त्यासाठी जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या कापल्या होत्या. चिकट पट्टीने त्यांनी फटीतला कीस उचलला, नवे वेटोळे बसविले, पट्ट्या घालून ते मध्यावर आणले आणि मला म्हणाले, “आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. घाई केली की पुन्हा वाकडं बसतं.”

पालकांनो, मी त्या दिवशी विचार केला. हा माणूस मिलिमीटरच्या दशांशात काम करतो, आणि आपण म्हणतो काय? “शिकला नाहीस तर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसशील.” मुलगा नापास झाला म्हणून त्याला दुकानात बसविण्यापेक्षा, ज्याला हाताच्या कामाची ओढ आहे त्याला दहावीपर्यंत नीट शिकवून आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला पाठवा. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, वायरमन, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम कमी प्रतीचे नाहीत. हात आणि पुस्तक यांची गाठ पडली म्हणजे कारागिराचा रचनाकार होतो. आणि हे मी मुलींच्या पालकांनाही तितक्याच आग्रहाने सांगतो. वेटोळे गुंडाळण्याचे, जोडण्याचे नाजूक काम त्यांच्या हातांना कमी जमेल, असे मानण्याचे कारण नाही.

खरेदीबाबत थोडक्यात सांगतो. मॅग्नेटच्या टोपणावर जाऊ नका. खोक्यावर छापलेला ‘पीएमपीओ’चा हजारो वॅटचा आकडा वाचून भुलू नका, ‘आरएमएस’ वॅट किती ते विचारा. किती वॅटपेक्षा, एका वॅटला किती डेसिबल आवाज देतो हे अधिक महत्त्वाचे. वीज दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट वीज लागते. उलट फटीतले चुंबकीय क्षेत्र चाळीस टक्क्यांनी चांगले असले तर तेवढ्याच विजेत ध्वनी दुप्पट होतो. आणि मैदान मोठे असेल तर एकच बॉक्स किंचाळविण्यापेक्षा दोन-चार लहान बॉक्स अंतराअंतरावर, हळू आवाजात लावा. दोन बॉक्स जोडताना अधिक-उणे सारखे जोडा, नाही तर एक पडदा पुढे जाईल तेव्हा दुसरा मागे जाईल आणि खर्ज नाहीसा होईल.

शेवटी कानांविषयी. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, आणि १०० डेसिबलच्या आवाजात केवळ पंधरा मिनिटे, यापुढे कानाला धोका सुरू होतो असे तज्ज्ञ मानतात. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणारी आपली मुले तासन्‌तास त्याहून मोठा आवाज सोसतात. कानातल्या ज्या सूक्ष्म पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्पीकरचे वेटोळे चाचा बदलून देतात, कानाचे वेटोळे कोणी बदलून देत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी आहे आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम कोणा एकाविरुद्ध नसून सर्वांच्या कानांसाठी आहे. पावसाळ्यात आपल्या सहस्रकुंडाला पैनगंगा कोसळते तेव्हा शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. ती निसर्गाची गर्जना असते आणि ऐकून आपण घरी परततो. पण गावातच रोज सहस्रकुंड कोसळू लागले तर माणसाचे माणसाशी बोलणे कसे होणार?

असो. ती मुलगी पुढे काय झाली, हे सांगावयाचे राहिले.

दुरुस्त केलेला बॉक्स घेऊन आलो आणि तिला शाळेच्या रिकाम्या खोलीत बोलाविले. बटण निम्म्यावर ठेवले. म्हटले, “बेटा, ते भाषण एकदा म्हण.” ती तयार होईना. मग मी तिला तो जळका काळा वेटोळा दाखविला आणि सांगितले, की त्या दिवशी हा घासत होता, तुझा आवाज नव्हे, आणि तो माझ्यामुळे जळला होता. तिने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग माईकसमोर उभी राहिली. पहिलेच वाक्य स्वच्छ आले, आणि स्वतःचा आवाज ऐकून ती एकदम थांबली, हसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

त्यानंतरच्या २६ जानेवारीला तेच भाषण तिने सर्वांसमोर केले. तिची आजी अगदी शेवटी भिंतीला टेकून बसली होती. कार्यक्रम संपल्यावर म्हातारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “गुरुजी, पोरीचा शब्द न्‌ शब्द ऐकला.” त्या आजीचे ते वाक्य मला माझ्या पदवीइतकेच मोलाचे वाटते.

तो जळका वेटोळा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. एखादे मूल वर्गात बोलत नसेल, अडखळत असेल, तर त्याला नाव ठेवण्यापूर्वी मी तो एकदा पाहतो. कधी कधी दोष आवाजात नसतो, आवाज पोहोचविणाऱ्यात असतो. पालक म्हणून आपण आणि शिक्षक म्हणून मी, आपण सारे त्या पोहोचविणाऱ्यांपैकीच आहोत.